मागच्या सीटवरची ट्रायल

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. आमचे शेजारी किसनभाऊ मागचं दार उघडायचे, चपला काढायचे आणि पाय दुमडून सीटवर आडवे व्हायचे.

"मास्तर, चालवा आता," ते मला म्हणायचे.

पहिल्यांदा हे नारायणगावात घडलं. गाडी दाखवणारा माणूस नुसता आ वासून उभा. मला गाड्यांतलं थोडं कळतं म्हणून भाऊंनी मला सोबत नेलं होतं. मी इंजिनाचं विचारायला लागलो की आतून आवाज यायचा, "इंजिन गेलं खड्ड्यात! गाडी गप चालती का ते बघा."

एक गाडी कुरकुरते म्हणून नापास. एकीत अत्तराचा वास. एक तर अगदी नव्यासारखी होती, पण स्पीडब्रेकरवर भाऊ टुणकन उठून बसले. "लई आदळती राव!"

सातवी गाडी लोणीत मिळाली. पंधरा वर्षांची होत आलेली, पत्रा गंजलेला, आरसा तारेनं बांधलेला. मालक स्वतःच म्हणाला, "पावणं, लांब नका नेऊ बरं हिला."

भाऊ आडवे झाले. मी गाडी काढली. दोनेक किलोमीटरवर मागून घोरणं ऐकू आलं. हलवून उठवलं, तर म्हणाले, "हीच घ्यायची."

"भाऊ, डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडलोच.

त्यांनी भावसुद्धा पाडून मागितला नाही. मालकच हबकला.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी ओझरच्या रस्त्याला ती गाडी दिसली, बैलगाडीच्या चालीनं चाललेली. मी स्कूटरवरून गाठून हॉर्न दिला. भाऊंनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी स्कूटर बंद केली.

मागच्या सीटवर वहिनी गाढ झोपल्या होत्या. डोक्याखाली घरची उशी.

"आपरेशन झाल्यापास्नं चार म्हैने डोळा नाय लागला तिचा," भाऊ कुजबुजले. "गोळ्या झाल्या, समदं झालं. फकस्त दवाखान्यातनं घरी आणली, त्या दिवशी भाड्याच्या गाडीत झोपली व्हती."

आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि मला पत्ता नव्हता.

"कधी बोलला नाहीत, भाऊ?"

"काय बोलायचं? तुमी काय झोप आणून देनार व्हता?"

वहिनींनी कूस बदलली. भाऊंनी घाईनं गिअर टाकला. "थांबलं की जाग येती तिला. निगतो."

मी स्कूटर चालू केली नाही. गाडी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत तशीच हातानं ढकलत चालत राहिलो.