दाम्याच्या बॉनेटवरचा डाग

दाम्या कोळी गाडीला हात लावायच्या आधी पँटचा पट्टा सोडतो. चारकोपच्या आमच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आला की पहिल्याच रविवारी हा प्रकार बघतो आणि बायकोला खिडकीतून आत ओढतो. दाम्याच्या मनात वाईट काही नसतं. बक्कल घासून गाडीला चरा पडेल, एवढीच भीती. पट्टा गेला, घड्याळ गेलं, गळ्यातली चेन गेली की पँट जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांधायची. दोरी सैल झाली की एका हातात पँट, दुसऱ्या हातात पॉलिश. गाडी अशी की तिच्यात बघून दाढी करावी, आणि मालक असा की हवालदाराने हटकावं.

दाम्या गोदीत जहाजं रंगवायचा. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर ही पांढरी गाडी घेतली, तीपण जुनी. चालवतो म्हणाल तर मालाडच्या सिग्नलपर्यंत. तिथे धूळ फार आहे म्हणतो आणि परत येतो. पेट्रोलवाला त्याला ओळखत नाही, पॉलिशवाला मात्र लांबून हात दाखवतो.

कबुतरांशी त्याचं उघड वैर. पॉलिशच्या दिवशी गाडीवर मच्छरदाणी टांगतो. आत हा उकिडवा बसून दार घासतोय, बाहेर कबुतरं वाट बघतायत. एकदा आमच्या सेक्रेटरीने विचारलं, "दामूशेठ, गाडीला डेंगी झाला काय?" तर दाम्या आतूनच म्हणाला, "तुमच्या गाडीला कावीळ झालीय, ती बघा आधी."

मग त्याला सिरॅमिक कोटिंगचं याड लागलं. कानात घालायच्या औषधाएवढी बाटली, आणि किंमत ऐकून कानच बंद व्हावेत. गाडीवर काचेसारखा पातळ थर बसतो म्हणे. पाणी टिकत नाही, धूळ टिकत नाही. "थेंब थांबला तर मिशी उतरवीन!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. पोस्टमनला ऐकवलं, भाजीवालीला ऐकवलं. तिने विचारलं, "मिशीला पन लावलंय का?"

त्याचा एक नियमही होता. मला शिकवायला बसायचा. "नाना, कोटच्या आधी सगळे डाग काढायचे. डागावर कोट मारला की झालं त्यांचं लग्न. मग सोडवता येत नाही."

"तुला रे काय माहीत लग्नाचं?" मी म्हणायचो.

पण स्वतःच्या गाडीला लावायच्या आधी हा गेला मनोरीला, बहिणीच्या घरी. खाडीपलीकडे बहिणीची फायबरची होडी आहे, भाचा चालवतो. मामाने प्रेमाने होडी बाहेरून घासली, कोट मारला. तिथे थांबला असता तर बरं होतं. बाटलीत उरलंय म्हणून आतल्या फळ्यांनासुद्धा मारला, जिथे माणसं उभी राहतात तिथे. नारळी पौर्णिमेला मी तिथे पाहुणा म्हणून गेलो होतो. बहिणीने होडीला ओलं हळदकुंकू लावलं, ते ओघळून खाली. पुन्हा लावलं, पुन्हा खाली. तेवढ्यात भाचा सोनेरी कागदातला नारळ घेऊन होडीत चढला आणि या टोकाकडून त्या टोकाला बसल्या बसल्या गेला. नारळ दर्याला पोचला, पण भाच्याच्या मागोमाग.

बहीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेल्या दामू, देवाचा टिळा पन टिकत नाय हिच्यावर! हिला होडी म्हनू का थाळी?"

ही गोष्ट मी घरी येऊन आमच्या हिला सांगितली. ती हसून हसून खोकली. मग खिडकीतून ओरडली, "दामूभावजी, गाडीला ते औषध दसऱ्यानंतर लावा. आधी माझं कुंकू लागू दे!"

कारण दर दसऱ्याला दाम्याच्या गाडीची पूजा हीच करायची. बहिणीला आपली होडी पुजायची असते, आणि दाम्याच्या घरात बाईमाणूस नाही. दरवर्षी भांडण ठरलेलं.

"वैनी, हार घाला, नारळ फोडा, पण कुंकू नको. पांढरा रंग आहे, डाग धरतो."

"मग काय जन्मभर पांढऱ्यातच फिरवणार तिला?" असं म्हणून ही तेलात कालवलेल्या कुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढायची. ही जिना चढून वर गेली नाही तोच दाम्या फडकं घेऊन हजर.

गेल्या दसऱ्याला ही कठडा धरून खाली उतरली. आजार अंगात होता. स्वस्तिक काढताना हात थरथरला. दाम्या त्या दिवशी भांडला नाही. मला वाटलं, सुधारला.

शिमग्याच्या आधी ही गेली.

आता घरात टीव्ही लावला तरी तो दुसऱ्याच कुणाशी बोलतोय असं वाटतं. म्हणून मी खाली दाम्याजवळ खुर्ची टाकून बसतो. यंदा दसऱ्याच्या आधी त्याने एकदाची कोटिंगची बाटली उघडली. दारं झाली, टप झालं, डिकी झाली. बॉनेटवर मात्र शिमग्यापासूनची चादर. विचारलं की म्हणायचा, "बाकी आहे."

"नवरी आहे काय ती, तोंड झाकायला?" म्हणत मी चादर ओढली. चष्मा वर घरातच राहिला होता. बॉनेटवर गुलाबीसर डाग दिसला. म्हटलं, पान थुंकलं कुणीतरी. शेजारीच डाग घासायच्या कंपाउंडचं फडकं पडलं होतं. उचललं आणि म्हटलं, "डोळे गेले का रे तुझे? एवढा डाग सोडलास!"

दाम्या तेव्हा दोरी सोडून नीट बांधत होता. दोन्ही हातांत पँट. ती सोडली आणि त्याने माझं मनगट धरलं. पँट घोट्यापाशी. समोर भाजीवाली, वर सगळ्या खिडक्या. हा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभा, आणि हात सोडायला तयार नाही.

"नाना, फडकं ठेव. ते वैनीचं आहे."

मी वाकून बघितलं. अगदी नाक लागेपर्यंत. स्वस्तिक होतं. खालची एक रेघ थरथरत वाकडी गेली होती.

"पुसलं कसं नाहीस?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर पुसणार होतो. मग तू तिला घेऊन हॉस्पिटलात. मग…" त्याने पँट वर ओढली. "आता नुसतं ठेवलं तर उन्हाने उडेल. काही सुचत नव्हतं रे."

"मग मार ना कोट त्याच्यावर."

"डागावर?"

"लग्न लाव म्हणतोय ना मी!"

त्याने बाटली आणली. मी मच्छरदाणी धरली.

दसऱ्याला गाडीला नुसता हार घातला. मी वरून तांब्या आणला आणि बॉनेटवर पाणी सोडलं. थेंब त्या वाकड्या रेघेवरून सरळ घसरत खाली गेले, एकही थांबला नाही. दाम्याने मिशीवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघायच्या ऐवजी कबुतरांकडे बघत बसला.

"मेल्या," मी म्हटलं, "पँट सांभाळ."