चेहऱ्याचा कार्यालयीन वापर

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाचा चेहरा उन्हाळ्याच्या सुरुवातीला बंद पडला. नळ बंद पडला की लोक ओरडतात, दिवे गेले की फोन करतात. चेहरा बंद पडला तर कुठे कळवायचं, याची सोय कोणत्याच खात्यात नाही. शिवाय तो एकदम बंद पडला नाही. आधी भुवया थांबल्या, मग गाल, आणि शेवटी हसू ओठांपर्यंत येऊन 'उद्या या' म्हटलेल्या अर्जदारासारखं मुकाट परत जायला लागलं.

या कारकुनाला ऑफिसात सगळे खिडकीवाले म्हणत. खिडकीवाल्यांना काही वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया झाला होता. जवळपास कुणी नसताना त्यांना माणसं बोलताना ऐकू येत, आणि ती माणसं चांगलं काही बोलत नसत. गोळ्या सुरू झाल्या तशी ती गप्प झाली. गोळीचे हे उपकार खिडकीवाले विसरले नव्हते. जेवण चुकेल, पण गोळी चुकत नसे. मध्यंतरी पुन्हा कुजबुज ऐकू यायला लागली म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला. कुजबुज थांबली. तिच्यापाठोपाठ चेहराही थांबला, हात किंचित थरथरायला लागले, पावलं घासत पडायला लागली आणि तोंडात सारखी लाळ जमायला लागली.

'गावाला दिवसाआड पाणी आणि आमच्या तोंडाला चोवीस तास!' असं एकदा खिडकीवाल्यांच्या मनात आलं आणि ते आतल्या आत पोट धरून हसले. शेजारी बसलेल्या हेडक्लार्क बाईंना याचा पत्ताही लागला नाही.

डॉक्टरांनाही लागला नाही. दर महिन्याला दवाखान्यात ते कागदावरची नजर न उचलता विचारत, "आवाज येतात?"

"नाही."

"झोप?"

"लागते."

"उत्तम. पुढचे कोण आहेत?"

एवढ्याशा संभाषणात चेहऱ्याला जागा नव्हती. आणि ज्या गोळीने आपल्याला माणसांत आणलं तिच्याविषयी कुरकूर करणं खिडकीवाल्यांना कृतघ्नपणाचं वाटे. नातेवाईक तर खूशच होते. "किती शांत झाला! अगदी बरा झाला हो," असं त्यांच्यासमोरच म्हणत, जसं काही ते एखाद्या फर्निचरविषयी बोलत होते.

एके दिवशी एक जाडजूड गृहस्थ मातकट पाण्याची बाटली घेऊन आले आणि त्यांनी ती खिडकीच्या फळीवर आपटली.

"हे पाणी आहे? प्या! माझ्यासमोर पिऊन दाखवा!"

खिडकीवाल्यांना अतिशय वाईट वाटलं. असं पाणी कुणाच्या घरी येऊ नये, हे त्यांना मनापासून पटलं होतं. पण त्यातलं काहीही चेहऱ्यापर्यंत पोहोचलं नाही. ते पापणीही न हलवता गृहस्थांकडे बघत राहिले. गृहस्थ पुन्हा ओरडले, पण जरा खालच्या पट्टीत. मग त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे तसं... गाळून घेतलं तर चालतं," ते म्हणाले. आणखी थोडा वेळ त्या चेहऱ्यासमोर उभे राहिल्यावर त्यांनी बाटली पिशवीत घातली. "माफ करा हं, सकाळपासून जरा डोकं तापलंय," असं म्हणून ते गेले.

मोठे साहेब हे केबिनच्या काचेतून बघत होते. एक तक्रारदार तक्रार न नोंदवता, उलट माफी मागून गेला, हे खात्याच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. साहेब स्वतः बाहेर आले.

"दगडाला पाझर फुटतो म्हणतात," ते सद्गदित होऊन म्हणाले. "पण आपल्या दगडाला नाही फुटत! पाणीपुरवठा खात्याला असाच माणूस हवा."

त्यानंतर खिडकीवाल्यांचा प्रत्येक त्रास गुण ठरत गेला. साहेबांपुढे कागद धरताना हात थरथरतात, हा वरिष्ठांविषयीचा आदर. पावलं घासत चालतात, कारण सरकारी कामाला घाई नसते. बोलणं एकसुरी आणि हळू, म्हणजे तोलून मापून. तक्रारींची संख्या घसरत गेली आणि वर कळवलं गेलं की पुरवठा सुधारला आहे.

साहेबांनी 'निर्विकार सेवा अभियान' सुरू केलं. सर्व कर्मचाऱ्यांना खिडकीवाल्यांसमोर रांगेत बसवून चेहरा थांबवण्याचं प्रशिक्षण देण्यात आलं. हेडक्लार्क बाईंना साहेब म्हणाले, "समजा, तुमच्यासमोर एक म्हातारी रडतेय. घरात आठवडाभर पाणी नाही."

बाईंचे डोळे भरून आले.

"सुधारणेस वाव," असा शेरा साहेबांनी मारला.

मग त्यांनी खिडकीवाल्यांना जवळ बोलावून विचारलं, "खरं सांगा, हे साधलंत कसं? ध्यानधारणा वगैरे?"

"गोळी आहे, साहेब."

"अहो, मग आम्हालाही सांगा की नाव!"

"स्किझोफ्रेनियाची आहे."

साहेबांची खुर्ची वीतभर मागे सरकली. थोडा विचार करून ते म्हणाले, "हरकत नाही. कारण गोपनीय ठेवू. परिणाम जाहीर करू."

खात्याच्या वार्षिक पुरस्कारासाठी खिडकीचं नाव पाठवण्यात आलं. सोबत खिडकीवाल्यांचा छातीपर्यंतचा, माणसाएवढ्या मापाचा फोटो काढून घेतला गेला. पुरस्कार मिळाला की बढती नक्की होती.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण घरी होती.

खिडकीवाले आईबरोबर राहत. आईला ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. कानातल्या यंत्राने तिचं डोकं दुखे, म्हणून यंत्र कपाटात आणि मायलेकांचं बोलणं चेहऱ्यावर. डावी भुवई वर गेली की आमटीत मीठ जास्त. ओठ एका बाजूला गेला की ऑफिसात बोलणी बसली. आजाराच्या त्या भयंकर दिवसांतही, जेव्हा खिडकीवाले कुणाशी बोलत नसत, तेव्हा आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणे, "घाबरलास ना बाळा? बस माझ्याजवळ." आणि आता बाळ बरा झाला होता, रोज वेळेवर घरी येत होता, आणि तिच्या लेखी घरात एक शब्दही नव्हता.

पहिले काही आठवडे तिने वाट पाहिली. मग ती, बहिरी माणसं बोलतात तशी, सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माझं काय चुकलं ते सांग तरी एकदा!"

"काही नाही चुकलं, आई," खिडकीवाले म्हणाले. ओठ जेमतेम हलले. तिला दिसला तो बाटलीवाल्या गृहस्थांना दिसलेलाच चेहरा.

त्यांनी कागदावर लिहून दिलं, 'मी तुझ्यावर रागावलेलो नाही.' आईने कागद वाचला, मुलाकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

"हं. लिहायला काय जातंय?" ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तुझी ताई येईल, तिच्याबरोबर जाते मी. म्हातारपणी कुणाच्या डोळ्यांत सलायचं नाही मला."

खिडकीवाल्यांना इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की आजारातही वाटलं नव्हतं. ते तसेच बसून राहिले, आणि आईला वाटलं, बघा, याला काहीच वाटत नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरांनी "आवाज येतात?" विचारल्यावर ते म्हणाले, "आवाज नाही येत. पण चेहरा गेलाय, डॉक्टर. आईला मी दिसत नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. दोघांची ओळख जुनी असली तरी समोरासमोर ते प्रथमच भेटत होते. डॉक्टरांनी त्यांचा कोपर वाकवून पाहिला, त्यांना चालायला लावलं, बोटं पुढे धरायला सांगितली.

"अहो, हा औषधाचा दुष्परिणाम आहे! चेहरा, ताठरपणा, थरथर, लाळ, सगळंच. बऱ्याच जणांना होतो. आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही आवाजांचं विचारलंत. चेहऱ्याचं नाही विचारलंत."

डॉक्टर थोडे ओशाळले, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं आणि खिडकीवाल्यांना त्याचा हेवा वाटला. "हे बघा, गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही," डॉक्टर म्हणाले. "आपण डोस हळूहळू खाली आणू. नाही जमलं तर दुसरी गोळी बघू. पण दर आठवड्याला या, आणि कुजबुज जरा जरी वाटली तरी सांगा. आणि काही त्रास झाला तर तोही सांगा हो."

दर आठवड्याला जायचं म्हणजे रजा आली, आणि रजेला कारण आलं. खिडकीवाल्यांनी खरं कारण लिहिलं, ही त्यांची चूक झाली.

"चेहरा बदलणार?" साहेब उभेच राहिले. "पुरस्काराची तपासणी तोंडावर आलीय आणि तुम्ही तोंड बदलताय?"

"साहेब, तो दुष्परिणाम आहे."

"तुमच्यासाठी दुष्परिणाम असेल. खात्याच्या दृष्टीने तो एकमेव परिणाम आहे!"

चेहरा ही कर्मचाऱ्याची खाजगी बाब की कार्यालयाची मालमत्ता, हे ठरवण्यासाठी समिती नेमण्यात आली. समितीने चहा घेऊन सुवर्णमध्य काढला: कार्यालयीन वेळेत दुष्परिणाम चालू ठेवावा, कार्यालय सुटल्यावर कर्मचाऱ्यास तो बंद करण्याची मुभा राहील. सुट्टीच्या दिवशी ऐच्छिक.

"गोळीला ऑफिसची वेळ कळत नाही हो," डॉक्टर हे ऐकून म्हणाले. मग त्यांनी डोस आणखी थोडा उतरवला.

चेहरा आला तो गेला तसाच, हप्त्याहप्त्याने. आधी पापण्या लवायला लागल्या. मग एका दुपारी खिडकीवर एक बाई सांगत होत्या की नळाला पाणी येत नाही, नुसती हवा येते आणि बिल मात्र पाण्याचं येतं, तेव्हा खिडकीवाल्यांची डावी भुवई वर गेली.

बाई बोलता बोलता थांबल्या. मागे वळून रांगेला म्हणाल्या, "अहो, यांना कळतंय!"

बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुसऱ्या दिवशी रांग दारातून बाहेर, तिसऱ्या दिवशी रस्त्यावर. वर्षानुवर्षं गाळून पिणारे, उकळून पिणारे, नशीब म्हणून पिणारे सगळे आले. बाटलीवाले गृहस्थ दोन बाटल्या घेऊन आले. खिडकीवाले प्रत्येकाचं ऐकताना गाल आत ओढत, कपाळाला आठ्या घालत, आणि लोक तेवढ्यानेही समाधानाने तक्रार नोंदवून जात. तक्रारींचा आकडा पाहून वरून विचारणा झाली की शहरावर काही आपत्ती आली आहे काय.

साहेबांनी तातडीने उपाययोजना केली. खिडकीवाल्यांची बदली जुन्या मीटरांच्या गोदामात झाली, बढती गेली, आणि खिडकीतल्या खुर्चीवर तो माणसाएवढा फोटो ठेवण्यात आला. रांग पहिल्याच दिवशी ओसरली. फोटोसमोर लोक थोडा वेळ ओरडत, मग घसा खाकरत आणि माफी मागून जात. तपासणीचं पथक येऊन गेलं, त्यांनीही फोटोला दोन प्रश्न विचारले आणि संयमाची प्रशंसा केली. पुरस्कार मिळाला.

त्याच संध्याकाळी खिडकीवाले घरी आले तेव्हा आईची पिशवी दाराशी भरलेली होती. ताई आणि भावोजी तिला न्यायला आले होते. रुसून मुलाकडे बघणं तिने केव्हाच सोडलं होतं. पण आज जाताना आईने जुन्या सवयीने मान वर केली, आणि ती मुलाच्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. एकदा डोळ्यांकडे, एकदा ओठांकडे.

"नोकरीत काहीतरी बिघडलंय," ती मोठ्याने म्हणाली. "चांगलंच बिघडलंय. आणि तुला त्याचं हसू येतंय! गाढवा, हसतोस काय?" मग ती ताईकडे वळली. "अगं, ती पिशवी ठेव आत. मी नाही येत."

"अगं पण तो तर काहीच बोलला नाही!" ताई खुणा करत म्हणाली.

"सगळं बोलला की!"

खिडकीवाल्यांना हसू आवरेना. आईलाही आवरेना. म्हातारी डोळे पुसत हसत होती आणि मध्येच मुलाचे गाल दोन्ही हातांनी धरून बघत होती, खरे आहेत ना म्हणून.

भावोजींनी ताईला हळूच स्वयंपाकघरात नेलं.

"हे काही बरं लक्षण नाही," ते म्हणाले. "उगाचच हसतोय. मागच्या वेळी किती छान गप्प बसून होता. गोळ्या बंद नाही ना केल्यान? तू डॉक्टरांना फोन कर, डोस वाढवायला सांग."

ताईने फोन काढलासुद्धा.

भावोजींचं चुकलं असं म्हणता येणार नाही. समोर काही कारण दिसत नसताना माणूस हसला, तर आधी त्याच्या गोळ्यांची चौकशी करावी, ही जगाची रीतच आहे. तुम्हीही ही गोष्ट वाचताना, समोर कुणी नसताना, नुसत्या कागदाकडे बघून एखाददुसऱ्या वेळी हसला असाल. तुम्हाला मात्र कुणी काही विचारलं नाही, कारण तुमची गोष्ट वेगळी. आणि अजिबातच हसला नसाल, कुठेच काही हललं नसेल, तरी काळजीचं कारण नाही. खिडकीतला फोटो उन्हाने फिका पडत चाललाय आणि साहेब नव्या माणसाच्या शोधात आहेत.