पदूनानांचा चीन

अन्याय झाला तो गडबच्या खाडीकाठच्या पदूनाना म्हात्र्यांवर. गेल्या नारळी पौर्णिमेला, दुपारच्या भरतीला बांध फुटला आणि त्यांच्या लावलेल्या भातात खारं पाणी शिरलं. पेणच्या सरकारी कचेरीत तीन अर्ज मी स्वतः लिहून दिले. उत्तर एकाचंही नाही.

नानांनी चौथा कागद चीनला पाठवला.

हसू नका. चीनच्या रेडिओवर रोज संध्याकाळी हिंदी कार्यक्रम लागतो. नाना ट्रान्झिस्टर कानाला लावून तो ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी अख्खा तालुका चीनच्या गजाने मोजतात. एसटी उशिरा आली, "चायनात डायवर घड्यालाला भितो." रस्त्यात खड्डा दिसला, "चायनात याच्यान आदी इंजिनेरला उबा करतान." टपरीवर पोरं डिवचतात, "नाना, चायनात म्हैस दूध किती देते?"

"म्हशीला इचार. मी मान्सांचा सांगतो."

मी चिडायचो. एकदा सुनावलंच, "नाना, तिथं सरकारविरुद्ध पत्रक काढलं तर उचलून नेतात!"

"आन हितं तू काढतोस. नेनारा नाय, पन वाचनारा तरी हाय का?"



चीनला त्यांनी एवढंच विचारलं होतं, तुमच्याकडे बांध फुटला तर कोण बांधतं? महिन्याभरात पाकीट आलं. एक कॅलेंडर आणि सुबक हिंदीत पत्र: सरकार दगड पुरवतं, बांध गाव मिळून घालतं.

मला वाटलं, आता नाना मिरवणार. त्यांनी ते पत्र मला पुन्हा वाचायला लावलं.

"आरं, ह्या तं आपलाच हाय! भरतीचा जोर उतरला का माझा बापूस हाक द्यायचा. घरटी एक मानूस चिखलात उतरायचा. आता बांध सरकारचा, आन पोरं कंपनीची."

नानांचा मुलगा रोह्याच्या कंपनीत आहे, राहतो तिथल्याच अष्टमी गावात. फार तर दीड तासाची वाट. बांध फुटल्यापासून फिरकलेला नाही. कोणी विचारलं तर नाना लगेच म्हणतात, "शिफ्ट असते त्याची."

परवा चीनला आभाराचं पत्र लिहिलं. सहीसाठी कागद पुढे केला, तर नाना म्हणाले, "थांब. खाली एक सवाल टाक."

"सांगा."

त्यांनी ट्रान्झिस्टरची पट्टी चाचपली. "इचार त्यांना, तिकरची पोरं कारखान्यातून घरी येतान का रं? का तिकरं पन शिफ्टच असते?"

मी पेनाला टोपण लावलं.

हा प्रश्न मी चीनला पाठवणार नाही. रोह्याच्या आणि पेणच्या कंपन्यांत राबणाऱ्या गडबकरांनो, तो या पत्रकातून तुमच्या दारात आणून ठेवतोय. येत्या रविवारी भरती मंद आहे. शिफ्ट बदलून घ्या, फावडं-घमेलं घ्या आणि बांधावर या. कचेरीला जाब नंतर विचारू, मी आहेच.

आणि नानांच्या पोरा, तू शनिवारीच ये. जेवायला.