मीटर मागे फिरवल्यावर

विकायला काढलेल्या गाडीचं मीटर एजंटाने लग्नाच्या आधीपर्यंत मागे फिरवलं, तेव्हा दिगंबर आवटीची बायको शैलजा मिरजेला माहेरी जाऊन पुन्हा अविवाहित झाली.

दिगंबर इचलकरंजीत घरी आला, तर दाराला कुलूप. स्वयंपाकघरात एकच ताट, एकच वाटी. सकाळी शैलजाने पोह्यांना दिलेल्या फोडणीचा वासही उरला नव्हता. त्याने एजंट माळवदेला फोन लावला.

“मग होणारच की ओ,” माळवदे म्हणाला. “नवरी त्याच गाडीतनं आणलीत ना? ते किलोमीटर आता झालेच नाहीत. पण गिऱ्हाईक बघा कसं झटक्यात मिळतंय!”

दिगंबर तडक परिवहन कार्यालयात गेला. तिथल्या गोंधळेकर बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“गेलेले किलोमीटर गाडी चालवूनच परत येतात,” त्या म्हणाल्या. “आणि गाडी विकताना मीटर फिरवल्याचं घेणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागेल. लपवलंत तर गुन्हा.”

“आणि बायको?”

“ती आमच्या खात्यात येत नाही.”

तिथून तो तीच गाडी घेऊन मिरजेला गेला. सासुरवाडीचं दार शैलजानेच उघडलं. तिची नजर त्याच्यावरून सरळ मागच्या गाडीवर गेली. काचेवर ‘विकणे आहे’ असं चिकटवलेलं होतं.

“बाबांना गाडी घ्यायचीच आहे,” ती म्हणाली. “बघू का?”

दिगंबरने होकारार्थी मान हलवली. शैलजाने गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवर टिचकी मारली आणि आत डोकावून मीटर पाहिलं.

“एवढीशीच पळालीय? छान ठेवलीय की तुम्ही.”

तिने इतक्या कौतुकाने त्याच्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. गप्प राहावं, असं त्याला क्षणभर वाटलं.

“नाही,” तो म्हणाला. “मीटर मागे फिरवलंय.”

“कुठपर्यंत?”

“आपल्या लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत.”

शैलजाने विचार केला. “म्हणजे भांडणंही गेली?”

“सगळी.”

“कशावरून व्हायची?”

“मी गाडी फार हळू चालवतो, यावरून.”

“किल्ली द्या,” ती म्हणाली.

जयसिंगपूरच्या रस्त्याला तिने गाडी अशी काही सोडली, की शेजारी बसलेला दिगंबर दोन्ही पाय रोवून बसला.

“ब्रेक माझ्या बाजूला आहे,” शैलजा म्हणाली.

संसारात ती गाडी चालवायला बसली की हे वाक्य त्याने दर वेळी ऐकलं होतं. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं आणि वारा लागल्यासारखे डोळे पुसले.

गाडी शैलजाने स्वतःच्याच नावावर घेतली. गोंधळेकर बाईंनी मीटरबद्दलचं निवेदन तपासलं आणि चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

“विकणारा आणि घेणारी यांचं नातं?”

“अजून फार किलोमीटर झाले नाहीत,” शैलजा म्हणाली. “पण चालू आहे.”

बाईंनी रकान्यात ‘चालू’ असं लिहिलं आणि शिक्का मारला.