जपान आज ढिलं शे

“जपान आज ढिलं शे, मास्तर.”

सकाळी मी दात घासत अंगणात उभा असतो, तेव्हा कुंपणापलीकडून भटूनाना मला ही बातमी देतात. जपान ढिलं असलं तर तैवान बरं चाललेलं असतं, जर्मनीनं तोंड फिरवलेलं असतं आणि सिंगापूरचा काही भरवसा नसतो. नवख्याला वाटेल, नाना परराष्ट्र खात्यातून निवृत्त झाले. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची बरीचशी वर्षं विसरवाडीच्या स्टँडवर गाड्या सोडण्यात गेली, आणि आता ते नंदुरबारला माझे शेजारी आहेत.

सगळं खूळ त्यांच्या लॅपटॉपचं. मुलगी ज्योती नोकरीसाठी फिनलंडला गेली, तेव्हा आपला जुना लॅपटॉप, त्यात लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली टाकून, नानांना देऊन गेली. या लिनक्सचे अपडेट जगभरातल्या सर्व्हरवर ठेवलेले असतात. माल तोच, कुठूनही उतरवा. एक बटण दाबलं की देशोदेशीचे झेंडे रांगेत येतात, प्रत्येकापुढे त्याच्या वेगाचा आकडा पडतो, आणि त्यातला सगळ्यात वेगवान सर्व्हर आपण निवडायचा. शहाणा माणूस हे एकदा करून विसरून जातो. नाना रोज करतात, आणि तेही उभ्यानं. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. चहाचा कप हातात दिला तरी ते दारापर्यंत जाऊन रस्ता बघून येतात. लॅपटॉप तर त्यांनी फ्रिजवर ठेवलाय.

“मार्ग कोन्ता धरवा?” हा त्यांचा दिवसभराचा प्रश्न. समजा, तैवान मार्ग धरला. अपडेट निम्म्यावर येतो न येतो तोच नानांना दुसरीकडे रस्ता मोकळा दिसतो. लगेच तैवान रद्द, जपान सुरू. त्यामुळे त्यांच्या लॅपटॉपवर अपडेट नेहमी निघालेला असतो, पोहोचलेला मात्र नसतो.

एरवी मला याची गंमत वाटायची. पण मागच्या महिन्यात ज्योतीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. घरी काळजी नको म्हणून तिनं ते उरकल्यावर कळवलं. फोनवर म्हणाली, आता बरी आहे. तिच्या आईचा, म्हणजे आमच्या काकूंचा, विश्वास बसेना.

“फोनवर कोनीबी सांगस बरं शे,” त्या मला म्हणाल्या. “पोरनं तोंड देखत नही तवलोंग मन्हा जीव थारावर येवाव नही.”

फोनच्या चिमुकल्या पडद्यावर काकूंच्या डोळ्यांना काही दिसत नाही. त्यांना लॅपटॉपच लागतो. आणि नेमका त्यावरचा ब्राउझर अडून बसला. अपडेट केल्याशिवाय व्हिडिओ कॉल लागणार नाही म्हणाला. रविवारी दुपारी ज्योतीला वेळ होता. शनिवारभर नानांनी तीन खंड पालथे घातले आणि अपडेट होता तिथंच राहिला. रविवारी काकूंनी मला बोलावून घेतलं.

मी लॅपटॉप फ्रिजवरून उतरवून टेबलावर ठेवला. झेंडे आणले. सगळ्यात वर सिंगापूर होतं, ते निवडलं. अपडेट भराभर उतरायला लागला. माझ्या पाठीमागे नानांच्या दारापर्यंत फेऱ्या चालल्या होत्या. “आता हात लावू नका,” मी त्यांना बजावलं. तेवढ्यात मिरच्या वाळत घातलेल्या पथारीकडून वारा आला, मला शिंकांनी घेरलं, म्हणून मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

येऊन बघतो तर सिंगापूर गायब. पांढऱ्यावर निळी फुली असलेला झेंडा निवडलेला, आणि अपडेट गोगलगाईच्या चालीनं सरकतोय. फिनलंड! यादीत पार तळाशी होतं ते.

माझं टाळकं सरकलं. “नाना, अहो, पोरगी तिकडे वाट बघत बसेल!”

“तुमनं डोकं फिरनं का?” काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. “चांगलं चाली ऱ्हायनं व्हतं ना!”

नाना दारापर्यंत गेले. परत आले.

“ती इसरवाडीहून कॉलेजले निघे,” ते म्हणाले, “तवय गाडी सुटनी का मी नंदुरबारना स्टँडले फोन करू. गाडी फलाटले लागनी का? तठला मानूस ‘लागनी’ म्हने, मंग मी चहा पेऊ. आते फिनलंडमा कोनले इचारू, मास्तर? मन्ही वळखना कोनी नही तठे. हाऊ सर्व्हर तिना गावना शे. रोज सकाळे तिना झेंडापुढे आकडा पडना का माले बरं वाटस.”

इतक्या दिवसांत जपान झालं, तैवान झालं, जर्मनी झालं. फिनलंडचं नाव त्यांनी माझ्यापुढे एकदाही काढलं नव्हतं.

“डाक्टरनी तिनं पोट फाडं त्या दिनलेबी आकडा उना व्हता,” नाना म्हणाले. “माले समजस, हाई येडपन शे. पन आज तिना गावनीच गाडी येऊ द्या.”

मला फार वाईट वाटलं. मघाशी ओरडलो त्याचं तर वाटलंच, पण रोज तोंडात ब्रश धरून त्यांना नुसतं “हो का” म्हणत आलो, त्याचं जास्त वाटलं. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. “येऊ द्या मंग,” म्हणाल्या.

मग आम्ही दोघं वाट बघत बसलो. नानांच्या फेऱ्या चालूच होत्या. ज्योतीला उशीर होईल असं मी कळवलं, तर तिनं विचारलं, “नानांनी पुन्हा मार्ग बदलला ना?”

शेवटी अपडेट उतरला. ब्राउझर उघडला. पडदा क्षणभर काळा राहिला आणि त्यात ज्योती आली. उशीला टेकून बसली होती, गाल बसले होते, पण हसत होती. काकूंनी नाक पडद्याला लावलं.

“वाळी गयी व माय,” त्या म्हणाल्या आणि रडता रडता हसायला लागल्या.

नानांना हाक मारायला मी दाराकडे वळलो. दारात कोणी नव्हतं. काकूंच्या मागच्या स्टुलावर नाना बसले होते, दोन्ही हात मांडीवर सोडून.

“लागनी,” ते स्वतःशीच म्हणाले. मग काकूंच्या खांद्याला हळूच हात लावून त्यांनी चहा मागितला.