गच्चीची किल्ली

चीक शिजून तयार झाला आणि गच्चीच्या दाराला कुलूप लागलेलं निघालं, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते.

बयाबाईंनी तीन दिवस गहू भिजवले होते. रोज पाणी बदललं, काल वाटून चीक काढला आणि आज उजाडल्यापासून पातेल्यात चाटू फिरवून खांदा दुखवून घेतला होता. नातीचं, निकिताचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि रुखवतात आजीच्याच हातच्या कुरडया हव्यात, असा तिचा हट्ट होता. चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून नीट पडतो. गार झाला की त्याची खळ होते आणि तीन दिवसांची मेहनत गटारात जाते.

सून हर्षाली जिना उतरून धापा टाकत आली.

"आई, किल्ली अध्यक्षांकडे आहे आणि ते देत नाहीत. गच्ची बंद ठेवायचा नियम झालाय म्हणे."

"कुणी केला असला नियम?"

"तुम्हीच. पहिली सही तुमची आहे."

बयाबाई पंचावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. वाचायला अजून वेळ लागायचा, पण सही करायची भारी हौस. जन्मभर अंगठा उठवलेल्या बाईला सही म्हणजे दागिना वाटायचा. कुरिअरवाला येवो, नाहीतर कुणी वर्गणीला येवो, बयाबाई पेन घेऊन तयार. कागदावर वर काय लिहिलंय, ते मात्र राहून जायचं.

सिडकोतल्या त्या बारा घरांच्या इमारतीत बाकीचेही काही वेगळे नव्हते. दोन वर्षांपूर्वी अध्यक्ष निवडायला सभा भरली, तेव्हा जो तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. किशोरराव तेवढ्यात पाण्याची मोटर बंद करायला खाली गेले होते. वर आले तर ते बिनविरोध अध्यक्ष झाले होते.

सुरुवातीला झकास चाललं. पाणी वेळेवर आलं, जिन्यातले दिवे लागले. मग नियाजभाईंचा मोडका सोफा जिन्याखालून हटवायचा नियम निघाला. लताबाई म्हणाल्या, "बरं झालं." पुढच्या महिन्यात लताबाईंचं मंगळवारचं भजन अर्ध्या तासावर आलं. नियाजभाई म्हणाले, "चलो, अच्छा हुआ." ज्याचं जायचं तो कुरकुरायचा, उरलेल्या अकरा घरांना बरं वाटायचं. प्रत्येक नियमाची वही वॉचमन झिपरू दारोदार फिरवायचा. कुणाचे हात पिठात, कुणाच्या तोंडात ब्रश. वही समोर आली की सही. अकरा सह्या झाल्या की शेवटी किशोरराव 'मंजूर' लिहून बारावी सही करायचे.

बयाबाईंनी पातेलं गोधडीत गुंडाळलं, बाळंतिणीचं लेकरू गुंडाळावं तसं. मग त्या किशोररावांच्या दारात गेल्या.

"किशोरराव, दोन तासांपुरती किल्ली द्या."

"आजी, आज तुम्हाला दिली तर उद्या सगळेच मागतील. शिस्त पाहिजे."

"गच्ची सगळ्यांचीच हाय ना?"

"म्हणूनच ती कुणाची नाही," किशोरराव शांतपणे म्हणाले. "आणि नियम माझ्या मंजुरीशिवाय बदलत नाही. तसंही तुम्हीच लिहून दिलंय."

बयाबाई परत आल्या, तर दारात झिपरू वही घेऊन उभा.

"आजी, सही. नवा नियम हाय. जिन्यात उभं राहून बोलायचं नाय."

बयाबाईंनी सवयीनं पेन उचललं. मग थांबल्या. वही घेऊन पायरीवर बसल्या आणि पहिल्या पानापासून अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागल्या.

"आजी, असं कुणी वाचत नाय!" झिपरू कासावीस झाला.

"म्हणून तर कुलूप लागलं."

सातव्या पानावर गच्चीचा नियम निघाला. खाली त्यांचीच सही, ऐटीत, शेपटी काढलेली. बयाबाई जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आजचं पान काढलं. जिन्याच्या नियमाखाली बरीच जागा कोरी होती. जिभेचं टोक बाहेर काढून त्यांनी तिथं भाकरीएवढ्या अक्षरांत लिहिलं : गच्ची आजपासून उघडी. किल्ली झिपरूकडं राहील. कुणीबी मागावी.

खाली सही केली.

"हे साहेबांनी सांगितलं?" झिपरूनं विचारलं.

"तुझे साहेब सही करतील तवा विचार त्यांना. फिरव लवकर, चीक गार होतोय."

नियाजभाईंनी दाढी करता करता सही केली. लताबाईंनी फोन कानाला लावून केली. भाकरीएवढी अक्षरं कुणालाही दिसली नाहीत. दहा मिनिटांत अकरा सह्या झाल्या. किशोररावांनी अकराचा आकडा मोजला, 'मंजूर' लिहिलं आणि सही ठोकली.

"साहेब, मग किल्ली द्या," झिपरू म्हणाला.

"कसली किल्ली?"

झिपरूनं पान दाखवलं. किशोररावांनी ते पहिल्यांदाच वाचलं. तरातरा ते बयाबाईंच्या दारात आले.

"आजी, ही फसवणूक आहे! मी न वाचता सही केली!"

"आमीबी तसंच केलं होतं की, किशोरराव. दोन वर्षं."

मागे नियाजभाई अर्धी दाढी घेऊन उभे होते, शेजारी लताबाई. जिन्यात उभं राहून बोलायचं नाही, या नियमाला पाच मिनिटं झाली होती आणि सगळी इमारत जिन्यात उभी राहून हसत होती. किशोरराव लाल झाले. मग त्यांनाच हसू फुटलं आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली.

चीक अजून कोमट होता. सोऱ्या दाबायला जोर लागला, तो किशोररावांनीच लावला. दहा वाजेपर्यंत प्लास्टिकवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा लागल्या.

तेवढ्यात लताबाईंनी दोरीवर वाळत टाकलेल्या ओल्या साडीचं पाणी एका कुरडईवर टपकलं. बयाबाईंनी झिपरूच्या काखेतली वही ओढली आणि लिहिलं : कुरडया वाळेपर्यंत गच्चीवर कुणी कपडे वाळत घालू नयेत.

"कुठं करू सही?" लताबाईंनी न बघताच हात पुढं केला.

बयाबाईंचा हात जागच्या जागी थबकला. किती सोपं होतं! त्यांनी ओळ खोडली आणि वही लताबाईंच्या हातात दिली.

"आधी वाच गं बाई. खोडलेलं धरून सगळं. मोठ्यानं."

आता त्या इमारतीत वही फिरायला आठ दिवस लागतात. झिपरू वैतागतो, म्हणतो, साहेबांचंच बरं होतं. बयाबाई ऐकत नाहीत. वाचणाऱ्याला तळलेली कुरडई मिळते, त्यामुळे फार कुणी कुरकुरत नाही. किशोरराव तर प्रत्येक पान दोनदा वाचतात. एकदा समजायला, आणि एकदा खाली भाकरीएवढं काही लिहिलंय का ते बघायला.