आप्पांची सरकारी कांदाचाळ

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर सारवणावर कोंबडी चालल्यासारखं आहे, ते पोटात घालावं. चौथीनंतर हातात खुरपंच आलं. पण आप्पांबद्दल तोंडानं सांगायची मला लाज वाटते, म्हणून लिहिते.

आप्पा फवारणीच्या पंपाला हार घालतात. पंप अनुदानातला. खोक्यातून काढला, पुजला आणि भिंतीला टांगला, तो तिथंच. औषध मारायला शेजारचा पंप मागून आणतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "सरकारी हाय. झिजंल." ताडपत्रीही सरकारी, म्हणून पाऊस आला की ती भिजू नये म्हणून घरात घेतात. आप्पांचं लग्न झालेलं नाही. बायका म्हणायच्या, सरकारनं बायको दिली असती तर आप्पांनी तिलाही घडी घालून फळीवर ठेवली असती.

वरवंडच्या शिवारात त्यांनी अनुदानातून कांदाचाळ बांधली. नवी कोरी. कांदे मात्र बाभळीखाली, पाचटानं झाकून. चाळीला कांद्याचा वास लागेल म्हणे.

अशा माणसानं त्या चाळीत पहिल्यांदा ठेवलं काय, तर मला. नवऱ्यानं शिरूरहून हाकललं होतं, भावजय घरात घेईना. आप्पांच्या रानात मी खुरपायला जायचे. मला लेकीला घेऊन बांधावर बसलेली बघून ते एवढंच म्हणाले, "चाळ मोकळीच हाय."

लोकांना विषय झाला. आप्पांनी आता बाईही अनुदानात आणली, असं बोलायला लागले. मी नळावर कुणी नसताना जायला लागले.

मग चाळींची तपासणी निघाली. आमच्या वस्तीवर तपासणी असली की एकच ट्रॉली कांदे सगळ्या चाळींतून फिरते. साहेब एका दारात चहा घेतात, तोवर कांदे आडवाटेनं पुढच्या चाळीत. कांदे दमतात, साहेबांना काही कळत नाही.

आप्पांच्या दारीही ट्रॉली आली. मी चूल मोडली, भांडी पोत्यात भरली. लेक तापानं फणफणली होती. तिला उचलायला गेले तर आप्पा आडवे आले. म्हणाले, धूळ उडंल, निजू दे. मी हातापाया पडले, घटकाभर बाभळीखाली बसते म्हटलं. त्यांनी ट्रॉली माघारी लावली.

साहेबांनी आत डोकावून विचारलं, "आप्पा, कांदे कुठं आहेत?"

"न्हाईत. माझी लेक हाय आत. आन् तिची लेक."

बांधावर थांबलेले ट्रॉलीवाले हसले. मी पदरात तोंड लपवलं. साहेब म्हणाले, अनुदान परत भरावं लागेल. आप्पा म्हणाले, भरीन की.

म्हैस गेली. मग दोन शेळ्या. मी मजुरी पुढं केली तर म्हणाले, "बापाला पैसं देती व्हय?" साहेब लोकांच्या मागं योजना विचारत हिंडणारा माणूस त्यांची गाडी दिसली की मान खाली घालून वाट बदलायचा. ती मान माझ्यामुळं खाली गेली, हे घास घेताना आठवायचं.

काल आप्पा दौंडला शेवटचे पैसे भरून आले. वहाणा न काढता चाळीला फेरी घातली. चाळीच्या भिंतीला फटी ठेवाव्या लागतात, कांद्याला वारं लागावं म्हणून; तसा नियमच आहे. एका फटीत हात घालून ते म्हणाले, "सगळं फिटलं, बाय. आता सरकारचं काय ऱ्हायलं न्हाई. उद्या माती कालवू आन् ह्या फटी लिंपून घेऊ."